खंडेनवमीला विकलेली गाडी

हौसाबाईवर अन्याय झाला. कधी झाला तेही सांगते, म्हणजे मागाहून कुणी घोळ घालायला नको: गेल्या वर्षी, एकोणीसशे अठ्ठ्याहत्तर साली, खंडेनवमीच्या सकाळी, दहाला थोडी मिनिटं कमी असताना, सांगलीत विश्रामबागेतल्या एका बंगल्याच्या अंगणात. हौसाबाई त्या वेळी तिथं नव्हती. ती पाटणच्या वरच्या डोंगरातल्या तिच्या वाडीत, सरपणाचं निमित्त काढून रस्त्याच्या वळणावर उभी होती. आमची गाडी येणार म्हणून. त्याच घटकेला इकडे गाडीचा सौदा पुरा झाला.

हा अन्याय आमच्या मंडळानं, म्हणजे सांगलीत पत्रकं काढणाऱ्या, सह्या गोळा करणाऱ्या आम्हा कार्यकर्त्यांनी केला आणि मंडळात मी होते. हे शेवटी हळूच सांगायची रीत आहे. मी आधीच सांगून टाकते.

आता पुन्हा आश्विन आलाय. सांगलीत तो फारसा कळत नाही. ऊन जरा चटका देतं, रस्त्याच्या कडेला झेंडूच्या पाट्या बसतात, एवढंच. वर डोंगरात मात्र आश्विन नाकाला कळतो. खाचरांतलं भात पिवळं पडायला लागलं की एक दुधाळ, गोडसर वास उठतो. त्यात कुजत्या गवताचा वास असतो, शेणाचा असतो, आणि चार महिने ओल्या राहिलेल्या घोंगड्या उन्हात टाकल्यावर त्यांना जो एक उबट वास सुटतो तोही असतो. त्याच दिवसांत वाट उघडते. पाटणपासून वाडीपर्यंतचा रस्ता म्हणजे बैलगाडीच्या दोन चाकोऱ्या आणि मध्ये गवत. मृगात तो बंद होतो, ओढे त्याच्यावरून वाहतात, तांबड्या चिखलात माणूस पोटरीपर्यंत रुततं. दसऱ्याच्या आसपास चिखलावर पापुद्रा धरतो. मग कुणीतरी धीर करून पहिली बैलगाडी घालतं आणि वाडीत म्हणतात, "वाट उघडली बरं का."

एका दसऱ्यापासून पुढच्या मृगापर्यंत, एवढंच आयुष्य त्या गाडीला आमच्याकडे मिळालं. एक हंगाम. पण मला त्या हंगामाचा दिवस न् दिवस आठवतो.

लष्कराच्या लिलावातली जुनी गाडी होती ती, चारी चाकांनी ओढणारी. पुढं दोन माणसांची जागा आणि मागं नुसता सांगाडा. सांगलीतल्या एका हळदीच्या पेढीवाल्यानं ती घेऊन मंडळाला दिली. त्याची बहीण लहान वयात बाळंतपणात गेली होती असं लोक म्हणायचे. त्यानं स्वतः कधी विषय काढला नाही. फक्त एक अट घातली: "वरच्या बाया नको म्हणेपर्यंत गाडी विकायची नाही. तेवढं पत्रात लिहा. आणि मला हार घालू नका."

तो सांगाडा आम्ही मिरजेला दस्तगीर मिस्त्रींकडे नेला. ते मूळचे टांगे बांधणारे. टांगे कमी झाले तसे ट्रकच्या बॉड्यांकडे वळलेले. त्यांच्या दुकानाशेजारी सतारीवाल्यांचं घर होतं, तिथं पडवीत वाळके भोपळे टांगलेले असत. मिस्त्री ठोकायला लागले की ते भोपळे आतल्या आत घुमायचे. आमच्याबरोबर सुमतीसिस्टर होत्या. मिरजेच्याच एका इस्पितळातल्या नर्स, रजा काढून काढून आमच्या कामाला येणाऱ्या.

"आत काय करनार?" मिस्त्रींनी विचारलं.

"बायका तपासणार," सिस्टर म्हणाल्या. "पण त्याच्या आधी त्या बोलायला पाहिजेत. वर घरं एका खोलीची. सासू तिथंच, वासरू तिथंच. बोलणार कुठं? मला खरं म्हणजे गाडी नकोय मिस्त्री, खोली पाहिजे."

"खोली पायजे तर उभं ऱ्हायला यायला पायजे," मिस्त्री म्हणाले. "वाकून माणूस कबुली देतंय, बोलत न्हाई. पन येवढी उंच बॉडी केली तर पहिल्याच वळनाला गाडी पालथी."

त्यांनी दोन दिवस विचार केला. मग टांग्याच्या टपाला दुमडायला असतात तशा लोखंडी कैच्या मोठ्या करून बसवल्या, आणि छप्परच असं केलं की गाडी थांबली की दोघांनी खांदा लावून ते वर उचलायचं, चार खिळी घालायच्या, आणि भोवतीनं दुमडलेल्या ताडपत्रीच्या भिंती आपोआप ताठ उभ्या. निघताना पुन्हा खाली दाबायचं. छप्पर किती उचलायचं? सिस्टरना टेप लावायला मिस्त्री काही तयार होईनात. "दाराला टेकून उभ्या ऱ्हावा, बहेनजी," म्हणाले, आणि चौकटीवर खडूनं रेघ मारली. मग रेघेच्या वर चार बोटं मोजून दुसरी मारली. "ही आंबाड्यासाठी."

कडी त्यांनी फक्त आतून बसवली. आमचा ड्रायव्हर म्हणजे हवालदार तात्या, फौजेतून पेन्शनीवर आलेला पाटणकडचा गडी. त्याला ते पटेना.

"आनि आत कुनी बेशुद्ध पडलं, मंग?"

"मग बोंबलंल."

"बेशुद्ध बाई कशी बोंबलंल, मिस्त्री?"

"मग तू बोंबल. तुला ठिवलाय कशाला? पन भायरनं हात लागंल अशी कडी मी बसवनार न्हाई."

दसऱ्यानंतर वाट उघडली तशी आम्ही वर गेलो. आणीबाणी उठली होती, पण डोंगरात ती अजून उतरली नव्हती. गाडीचा आवाज आला की नसबंदीला धरून नेतील म्हणून गडी रानात पळायचे. पहिल्या दिवशी एक माणूस जवळ आलं नाही. आम्ही छप्पर उभारून बसलो, तात्यानं चूल मांडून चहा केला, आणि वाडीतली कुत्री तेवढी आम्हाला बघून गेली. दुसऱ्या दिवशी एक म्हातारी काठी टेकत आली, गाडीला लांबूनच एक फेरी घातली आणि म्हणाली, "आवं, ही आपरेशनची गाडी न्हवं ना? आसली तर आदीच सांगा, माझ्या नातवाचं लगीन व्हायचंय अजून." तात्या म्हणाला, "म्हातारे, मी स्वतः आट लेकरांचा बाप हाय. मला सोडलाय, मंग तुझ्या नातवाला कशाला धरत्याल?" म्हातारी हसली. मग आत जाऊन छपराकडे मान वर करून बघत राहिली आणि बाहेर येऊन तिनं गावाला हाळी दिली, "आगं, माडी हाय माडी!"

त्या वाडीत कुणाच्याच घराला माडी नव्हती. तेव्हापासून बाया गाडीला माडीच म्हणू लागल्या. "चला गं, माडीवर जाऊन येऊ." आतमध्ये काय चालायचं मला माहीत नाही. मी बाहेर दगडावर बसून पोरांना लांब ठेवायची आणि पत्रकं वाटायची. पत्रकं वाचणारं तिथं जवळपास कुणी नव्हतं. तरी मी वाटायची. आतून कधी रडणं ऐकू यायचं, पण बहुतेक वेळा हसणंच. कडी काढून बाहेर येणाऱ्या बाईचा चेहरा मी इतक्या वेळा पाहिलाय की आजही गर्दीत ओळखीन. काहीतरी सांगून झालेलं माणूस निराळं चालतं.

हौसाबाई हे तिचं खरं नाव नाही. हा लेख लिहायला तिनं परवानगी दिली ती अशी: "लिव्ह. समदं लिव्ह. पर नाव माजं न्हवं." म्हणून नाव मी दिलेलं आहे, बाकी सारं तिचं. तिशीतली बाई. नवरा फौजेत, तेव्हा लांब उत्तरेत नेमणुकीला. ती माडीवर तीन वेळा आली आणि काही न बोलता नुसती उभी राहून गेली. सिस्टरनी विचारलं नाही. चौथ्या वेळी ती बोलली. दुसऱ्या बाळंतपणानंतर तिसऱ्याच दिवशी ती चिखलात भात लावायला उतरली होती, आणि तेव्हापासून तिचं अंग, म्हणजे गर्भाशय, बाहेर येत होतं. पाच वर्षं. पाच वर्षं ती त्याच अंगानं भारे वाहत होती, आणि नवरा रजेवर आला की काही ना काही उपासाचं निमित्त सांगत होती.

सिस्टरनी माघात तिला आतून रबरी कडं बसवलं. त्यानं अंग जागेवर राहतं. पण ते तीन महिन्यांनी काढून, धुऊन, तपासून पुन्हा बसवावं लागतं, नाहीतर आत जखम होते. वैशाखात आम्ही गेलो तेव्हा ते बदललं. तेव्हा हौसाबाई म्हणाली होती, "सिस्टर, मी पाच वर्सांनी ताठ चालत्येय बगा." पुढं पाऊस. वाट बंद. सिस्टरनी तिला कडं स्वतः काढायला शिकवलं होतं. पण पावसाळ्यात एका खोलीत सासू, दीर, जाऊ, पोरं आणि गुरं; काढणार कुठं, धुणार कुठं? "दसरा ओलांडायचा नाही," सिस्टर म्हणाल्या. "वाट उघडली की आम्ही आलोच." हे वचन त्यांनी एकट्यानं दिलं नाही. माडीनं दिलं, मंडळानं दिलं. मला त्याचा पत्ताही नव्हता, पण ते माझ्याही वतीनं दिलेलं होतं.

आता माझी चूक. ही चूक आमच्यासारखेच लोक करू शकतात. साध्या माणसाला ती जमायची नाही.

आमच्याकडे सह्या गोळा करायची एक पद्धत होती. मागणीचा मजकूर सांगलीत पक्का व्हायचा, चर्चा करून, शब्द बदलून. तोवर सह्यांसाठी थांबलं तर हंगाम निघून जातो. म्हणून आम्ही आकडे घातलेले, रेघा मारलेले कोरे कागद घेऊन आधीच निघायचो. सह्या, अंगठे आधी. मजकुराचं पान मागाहून टाचणीनं वर लावायचं. सगळ्याच चळवळीत असं करतात, असं मला सांगितलेलं, आणि मी पुढं दहा जणांना सांगितलेलं. वैशाखातल्या त्या खेपेत मी असे अंगठे घेतले. "कशाला गं पोरी?" बायांनी विचारलं. मी म्हणाले, "सिस्टर कायमच्या इथं राहायला याव्यात म्हणून." माझा हा झपाटा होता, आणि मला त्याचा अभिमान होता. हौसाबाई जात्यावरनं उठून आली होती. तिच्या बोटाला नाचणीचं पीठ होतं, त्यामुळं तिचा अंगठा करडा, पिठाळ उठला. मी म्हणाले, "असू दे, चालतंय."

आणि सर. त्यांच्याबद्दल लिहिणं जड जातं, पण टाळणार नाही. आमच्या मंडळाचे ते सर्वस्व. कॉलेजात शिकवायचे. माझं पहिलं पत्रक त्यांनी लाल शाईनं निम्मं कापलं आणि वर लिहिलं, "आता वाचतील." पत्रक घडी कशी घालायची, माणसाच्या हातात कसं द्यायचं की त्यानं ते खिशात घालावं, फेकू नये, हे त्यांनी शिकवलं. त्यांच्या घरात वेताच्या खुर्चीचं बूड फाटलेलं होतं आणि त्यावर पाट टाकलेला होता. त्यांनी गाडी विकून स्वतःचं घर भरलं असतं तर मला सोपं गेलं असतं. मी सरळ चोर म्हटलं असतं आणि मोकळी झाले असते.

त्यांनी गाडी विकली ती छपाईचं यंत्र घेण्यासाठी.

खंडेनवमीच्या सकाळी मी झेंडूची पाटी घेऊन विश्रामबागेत त्यांच्या अंगणात गेले. दुसऱ्या दिवशी, दसऱ्याला, आम्ही वर निघणार अशी माझी समजूत. गाडी धुऊन उभी होती. तात्यानं बॉनेटला हळदकुंकू लावलं होतं, शेजारी पाटावर आमचं जुनं सायक्लोस्टाइल मशीन आणि मिस्त्रींनी दिलेली पान्हे-हातोडी मांडली होती. आणि गाडीच्या छपराशी एक अनोळखी तरुण खेळत होता. कृष्णाकाठचा ऊसवाला, पांढरे बूट. बरोबरच्या गड्याला तो छप्पर वर करायला लावायचा, खाली करायला लावायचा.

"लय झ्याक केलंय रं," तो गड्याला म्हणत होता. "शिकारीला न्यायला एक नंबर. ह्या बाकाखाली बरफाची पेटी बसंल का बग."

मी सरांकडे बघितलं. सर हसत होते, लहान मुलासारखे. "ये, ये. आजच्या मुहूर्तावर आपल्याला यंत्र मिळतंय. स्वतःचं! आता कुणा छापखान्याच्या दारात ताटकळायला नको."

"गाडी उद्या वर जायचीय, सर."

"एक गाडी किती वाड्यांना पुरणार? एक पत्रक अख्ख्या जिल्ह्याला पुरतं."

हे वाक्य माझं होतं. भर पावसाळ्यात, एका बैठकीत, एका छापखान्यानं आमचं पत्रक छापायला नकार दिला त्या संतापात मी ते बोलले होते, आणि त्यावर टाळ्या पडल्या होत्या.

तेवढ्यात सिस्टर आल्या, मिरजेहून, हातात औषधांची पेटी. दसऱ्याच्या खेपेला म्हणून त्यांनी दोन दिवसांची रजा काढली होती. सारा प्रकार त्यांच्या लक्षात यायला अर्धं मिनिट लागलं. त्या थेट सरांपुढं गेल्या.

"वर एका बाईला माझी गरज आहे. आठवड्याच्या आत."

"कोण बाई? काय झालंय तिला? सांगा, आपण आजच अर्ज करू."

"नाव सांगता येत नाही. काय झालंय तेही नाही."

"सिस्टर," सर अगदी मायेनं म्हणाले, "ज्या कारणाला तोंड नाही, त्याच्यावर मंडळ ठराव कसा करणार?"

मी तिथं उभी होते. मला वाटलं, बरोबरच आहे हे. हे मला आज लिहावंसं वाटत नाही, पण मला त्या क्षणी खरंच तसं वाटलं. आम्हाला शिकवलंच तसं होतं: अन्याय असेल तर चारचौघांत बोला, छापा, भिंतीवर लावा. चारचौघांत बोलता येत नाही असाही अन्याय असतो, हे आमच्या एकाही पत्रकात नव्हतं.

"पण पेढीवाल्यांची अट?" मी विचारलं. "वरच्या बायांनी नको म्हणायला पाहिजे होतं."

सरांनी फाइल पुढं केली. वर एक टंकलिखित पान: कायमच्या नर्सची मागणी सरकारदरबारी गेलेली असल्यामुळे फिरत्या गाडीची आता गरज उरलेली नाही, असं खाली अंगठे करणाऱ्या भगिनींचं मत आहे. त्याच्याखाली टाचणीनं लावलेले माझे कागद. माझ्या हातानं मारलेल्या रेघा, माझ्या हातानं घातलेले आकडे. दुसऱ्या पानावर तो करडा, पिठाळ अंगठा.

"हे त्यांनी नाही म्हटलेलं," मी म्हणाले.

"कायमची नर्स पाहिजे म्हणजेच गाडी नको. अर्थ तोच होतो," सर म्हणाले. आणि पेन माझ्यापुढं केलं. विक्रीच्या कागदावर साक्षीदार हवा होता. मी सही केली नाही. पण तो कागदही मी फाडला नाही. दुसऱ्या कुणीतरी सही केली. घड्याळात तेव्हा दहाला थोडी मिनिटं कमी होती.

तात्यानं किल्ली दिली. मग बॉनेटवरचा हार काढून घ्यायला लागला. ऊसवाला म्हणाला, "ऱ्हाऊ द्या की हवालदार, शोभतोय." तात्या म्हणाला, "पूजा गाडीची केलीया, गिऱ्हाइकाची न्हाई." हार खांद्यावर टाकून तो चालत फाटकाबाहेर गेला.

दस्तगीर मिस्त्रींना सांगायला मी मिरजेला गेले. ते रंधा मारत होते, थांबले नाहीत. "शिकारीला?" एवढंच म्हणाले. थोड्या वेळानं, "मग कडी उलटी करून घेतील." शेजारचे भोपळे घुमत राहिले.

यानंतर मी काय केलं? वर गेले? नाही. एसटी पाटणपर्यंत जाते, पुढं पायवाट आहे, पाय मला होते. मी पत्रक लिहायला बसले. सरांच्या विरोधात. तीन आठवडे. एकेक शब्द तासला. मथळा चार वेळा बदलला. सिस्टरनी निरोप धाडला होता, त्यात पहिल्यांदाच मला हौसाबाईचं नाव कळवलं होतं: "मला आता दिवाळीपर्यंत रजा नाही, तू तरी वर जाऊन ये. बाईला खाली घेऊन ये, काहीही कारण सांग." मी उत्तर धाडलं, "पत्रक पुरं झालं की निघते." म्हणतात ना, घर जळतंय आणि ही बांगड्यांचा रंग बघतेय. माझं तसंच झालं. फरक इतकाच की घर दुसरीचं होतं.

दिवाळीच्या पहिल्या दिवशी आम्ही गेलो, सिस्टर, तात्या आणि मी. भातकापणी चालू होती. विळ्यांचा सरसर आवाज, पेंढ्यांचे ढीग, सगळीकडे तो दुधाळ वास. हौसाबाई खाचरात नव्हती. ती घराच्या पाठीमागं गोठ्याच्या भिंतीला टेकून बसली होती, अंगात ताप, ओठ फुटलेले. आम्हाला बघून उठायला गेली आणि पुन्हा बसली.

"माडी कुटं हाय?" तिनं विचारलं.

सिस्टर खाली बसून तिच्या कपाळाला हात लावून ताप बघायला लागल्या.

"मी रोज वळनावर येत हुते. सासू म्हनली, येवडं सरपान कुनाच्या लग्नाला लागतंय? मंग जाया बंद केलं." मग ती म्हणाली, "तुमी येतो म्हनला हुता."

तिला तपासायला जागा हवी होती. आम्ही जागा शोधली. एवढ्या वाडीत नव्हती. घरात दिवाळीचे पाहुणे. देवळात बाईला अशा स्थितीत कुणी येऊ देईना. शाळेच्या खोलीला दाराची चौकट होती, दार नव्हतं. चावडीत गडी पत्ते खेळत होते, तात्या त्यांना उठवायला गेला तर म्हणाले, "कशासाटी ते सांग, मंग उटतो." शेवटी गोठ्यातच, दोन बैलांच्या मध्ये, मी घोंगडी आडवी धरून उभी राहिले. घोंगडी छातीपर्यंत येत होती. पोरं भिंतीवर चढली. जाऊ डोकावली, मग सासू आली. "काय चाललंय हितं? काय झालंय तिला? आनि ह्यो वास कसला?" सिस्टरनी हौसाबाईच्या तोंडाकडे बघितलं. हौसाबाईनं डोळे मिटून घेतले. पाच वर्षं दडवलेली गोष्ट दिवा लागायच्या आत वाडीभर झाली.

आत जखम चिघळली होती. तात्यानं चौघांना धरून आणलं, घोंगडीची डोली केली, आणि ती पिवळ्या खाचरांमधून, कापणारी माणसं विळे थांबवून बघत असताना, खाली पाटणला गेली. तिथून मिरज. ऑपरेशन झालं. ती वाचली, आता बरी आहे. बरी आहे म्हणजे चालते, खाते, भाऊ आणि भावजय ठेवतील तशी राहते. दिरानं तिच्या नवऱ्याला पत्र घातलं, त्याला वाटेल त्या शब्दांत. सासरी तिला परत बोलावलेलं नाही. तिची दोन्ही पोरं वाडीतच आहेत. नवऱ्याचं पत्र यायचंय. वर्ष झालं.

गेल्या आठवड्यात मी तिच्या माहेरी गेले होते, तासगावच्या बाजूला. ती शेंगा तोडत होती. मी माफी मागायला गेले होते, तयारी करून. तिनं ती ऐकून घेतली नाही.

"आगं, रोगाचं न्हाई मला काय वाटत," ती म्हणाली. "रोग कवातरी कळनारच हुता. पर त्येला मी सांगनार हुते. त्यो रजेवर आला की, माजं मी, सवडीनं. कसं सांगायचं त्ये बी ठरवलं हुतं. सिस्टरच्या म्होरं दोनदा बोलून बगितलं हुतं माडीवर." शेंगेची माती झटकून तिनं ती पाटीत टाकली. "त्येवडं माजं हुतं. त्ये बी तुमी घालवलं."

माझं ते पत्रक कधीच छापलं गेलं नाही. सरांचं यंत्र मात्र चालतं, चांगलं चालतं. त्यावर महिलांच्या आरोग्यावर एक पुस्तिकाही निघाली आहे. कागद गुळगुळीत आहे, चुका नाहीत, त्यातलं एक अक्षर खोटं नाही. सर भेटले तर अजून मला "कधी येतेस?" म्हणून विचारतात. मी जात नाही. ऊसवाल्यानं ती गाडी महाबळेश्वरच्या वाटेवर कुठंतरी झाडावर घातली, आता ती धूळ खात पडलीय असं तात्या सांगतो. परत मिळवायची धडपड मी करून पाहिली. ती मिळणार नाही. आणि मिळाली तरी एका गाडीची वाट किती वाड्यांनी, किती वर्षं बघायची?

म्हणून आता तुमच्याशी बोलते. तुम्ही हे वाचताय म्हणजे तुमच्या गावात वाचणारी माणसं आहेत, म्हणजे बंद दाराची एखादी जागाही आहे. तालमीची खोली आहे, सोसायटीचं ऑफिस आहे, दूधसंघाची खोली आहे, ग्रामपंचायतीत खुर्च्या मांडलेली खोली आहे. मला सही नको, पाठिंबा नको, पत्र तर मुळीच नको. भात झोडून व्हायच्या आत त्यातली एक खोली रिकामी करा. पंधरवड्यातली एक सकाळ ती बायांची. नर्स येवो न येवो, बाया आत जाऊन नुसत्या बसोत, नुसत्या हसोत, तुम्हाला त्याचं काय? त्या सकाळी गड्यांनी बाहेर व्हायचं. पारावरही बसायचं नाही, तिथून दार दिसतं. लांब जा. आजच उठा आणि खोली झाडून घ्या.